लिहिणं वेगळं, टाकणं वेगळं: सोसलेल्या अत्याचाराबद्दल ऑनलाइन लिहिणाऱ्यांसाठी

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या बचत गटातली एक बाई संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली, आत काही येईना. म्हणाली, "ताई, माह्या फोनले सारं मालूम पडलं वो."

झालं होतं असं. महिनाभर ती रात्री सगळे झोपले की फोनवर लिहायची. नवऱ्याने काय केलं, कधी केलं, आपल्याला काय वाटलं. सकाळी उठून सगळं पुसून टाकायची. त्या दिवशी नवऱ्याने मार्केटचा भाव विचारायला तिचाच फोन घेतला, 'मार' एवढंच टाइप केलं आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीत शब्द आले: मारलं, मारते, मारून. त्याचं लक्ष गेलं नाही. तिचं गेलं. लिहिलेलं पुसलं होतं, पण कीबोर्डने तिचे शब्द शिकून ठेवले होते.

ही हकीकत तिच्या परवानगीने आणि तीन गोष्टी बदलून सांगते आहे. का बदलल्या ते पुढे येईलच.

मी समुपदेशक नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहते, गटाचे हिशेब लिहिते. लहानपणी घरातल्याच एका माणसाने माझ्याशी जे केलं ते मी ३९व्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं, वहीत. त्यानंतर दोन वर्षांनी दुसऱ्या नावाने ऑनलाइन टाकलं. या दोन वर्षांत मला उमगलेली गोष्ट एकच आहे, आणि हा सगळा लेख तिच्याभोवतीच फिरतो: लिहिणं हे एक काम आणि टाकणं हे दुसरं. पहिल्याने मन हलकं होऊ शकतं. दुसऱ्याने कधी बळ मिळतं, कधी घात होतो. घाईत दोन्ही एकदम करू नका.

लिहिण्याने बरं वाटतं ही नुसती भाबडी समजूत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलामुलींना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाला किरकोळ विषय दिले. लिहिल्या लिहिल्या पहिल्या गटाचं मन उलट जास्तच खराब झालं. पण ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. त्यानंतर असे कितीतरी प्रयोग झाले आणि सरासरी फायदा दिसतो, पण तो मोठा नाही. औषध किंवा समुपदेशन सोडून नुसतं लिहीत बसावं इतका तर नाहीच. आणि त्या मुलांनी लिहिलेलं कुणी गावभर वाचलं नव्हतं, हेही ध्यानात असू द्या.

आधी फोन कोणाचा, ते बघा

आपल्याकडे फोन बाईचा असला तरी तो तिचा असतोच असं नाही. बाजाराच्या गावातल्या दुकानात फोन घेतला की तो दुकानातला पोरगाच जीमेल काढून देतो, पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे १२३. नाहीतर पुतण्या काढून देतो आणि त्याच्या फोनवर तेच खातं चालू राहतं. तुम्ही इकडे लिहिता, तिकडे पुतण्याच्या फोनवर ते आपोआप दिसतं.

म्हणून एक अक्षर लिहायच्या आधी हे तपासा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' उघडून बघा. तिथे तुम्ही न जोडलेला कॉम्प्युटर किंवा फोन दिसला, तर तुमचे मेसेज दुसरं कुणीतरी वाचतं आहे. गुगल खात्यातही कोणकोणत्या फोनवर खातं चालू आहे त्याची यादी मिळते. मग कीबोर्ड. त्याच्या सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या भागात शिकलेले शब्द पुसण्याची सोय असते, आणि यापुढे शिकूच नको असंही सांगता येतं. क्रोमची गुप्त खिडकी उघडून लिहिलं तर गुगलचा कीबोर्ड त्या वेळेपुरता शब्द शिकत नाही, आणि कुठे गेलात त्याची नोंदही फोनमध्ये राहत नाही.

पुसलेलं लगेच जात नाही, हे फार जणींना माहीत नसतं. गुगल कीपमधली पुसलेली नोंद सात दिवस कचरापेटीत पडून असते. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. स्क्रीनशॉटचा बॅकअप चालू असेल तर स्क्रीनशॉट काढला की तोही बॅकअपमध्ये जातो, म्हणजे ज्या ज्या फोनवर ते खातं आहे तिथे तिथे. कचरापेटी वेगळी रिकामी करावी लागते.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. मारणारा माणूस त्याच घरात असेल आणि तो रोज फोन बघत असेल, तर एका रात्रीत सगळे पासवर्ड बदलू नका. काल उघडा असलेला फोन आज बंद दिसला की विचारणा होते, आणि ती कशी होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप असल्याचा संशय असेल तर तेही लगेच काढू नका, काढलेलं त्याला कळतं. तो फोन जसा आहे तसा राहू द्या, त्यावर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघा, आणि लिहायला दुसरा फोन शोधा. बहिणीचा, शिकलेल्या भाचीचा, एखाद्या मैत्रिणीचा जुना बिनसिमचा. नवं खातं काढताना ओटीपी कोणत्या नंबरवर येणार, ते आधी बघा. सिम नवऱ्याच्या नावावर असणं वेगळं, आणि ओटीपी त्याच्या हातातल्या फोनवर येणं वेगळं.

यातलं काहीच जमत नसेल तर कागद आहे. मुलाच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या, लिहा आणि चुलीत टाका. जळालं म्हणून लिहिल्याचा गुण जात नाही. पेनेबेकर स्वतःही लोकांना सांगतात की लिहून झाल्यावर हवं तर फाडून टाका.

लिहायला बसताना

१५ ते २० मिनिटं पुरेत, तीन-चार दिवस. रात्री झोपायच्या तोंडावर नको, त्याने झोप उडते. दुपारी जेवणं उरकून घर रिकामं होतं ती वेळ बरी. घड्याळ लावा आणि वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा. त्यानंतर लगेच हाताला काम द्या: गहू निवडा, पाणी भरा, अंगण झाडा. नुकतीच, म्हणजे गेल्या काही आठवड्यांत घडलेली घटना असेल तर तिच्याबद्दल असं खोलात लिहिणं आत्ता टाळा. आधी सुरक्षित जागा आणि माणूस शोधा.

सगळ्यात वाईट प्रसंगापासून सुरुवात करू नका. कडेकडेने जा. जागा लिहा, वस्तू लिहा, वास लिहा.

भाषेबद्दल जरा लांबण लावते, कारण माझी गाडी इथेच अडली होती. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य असं होतं: 'लहानपणी माझ्यावर लैंगिक अत्याचार करण्यात आला.' पेपरातल्या बातमीसारखं. वाचून मला काहीच वाटलं नाही, जणू दुसऱ्याच कुणाचं. मग एका दुपारी घरच्या बोलीत लिहिलं:

'मी सात वर्साची होती. मायनं मले कुटाराच्या खोलीत टोपलं आणाले पाठवलं. तिथं तो होता. त्यानं दार लावलं. आजबी कुटाराचा वास आला का मले मयमय होते.'

पाच वाक्यं. (कुटार म्हणजे गुरांचा भुसा, मयमय म्हणजे मळमळ.) त्या दिवशी पहिल्यांदा रडले.

दोन्हींत फरक कुठे आहे बघा. 'करण्यात आला' म्हणताना करणारा गायब होतो. मराठीत ही सोय फार आहे: 'माझ्यासोबत वाईट झालं', 'तसं घडून गेलं', 'हात उचलला गेला'. झालं, घडलं, गेलं. पाऊस पडावा तसं. लिहून झालं की एकदा वाचा आणि जिथे जिथे असं वाक्य दिसेल तिथे कर्ता घाला. त्यानं केलं. त्यानं दार लावलं. नाव लिहायची गरज नाही, 'त्यानं' एवढं पुरे. जिथे जिथे 'माझी चूक' लिहिलं असेल तिथेही हाच प्रयोग करून बघा. सात वर्षांची पोरगी टोपलं आणायला गेली, तिने केलं ते एवढंच.

'मी' म्हणून लिहवत नसेल तर काही दिवस 'ती' म्हणून लिहा. 'ती कोपऱ्यात बसली.' काही जणींना तेवढ्या अंतराने श्वास घेता येतो.

आणि वऱ्हाडी लिहायला लाजू नका. शुद्धलेखनाच्या चुका काढणारे भेटतीलच, आमच्या शाळेतही होते. पण त्या वेळी तुम्ही ज्या भाषेत ओरडला असाल किंवा गप्प बसला असाल, ती आठवणही त्याच भाषेत असते. बोलीवरून ओळखू येईल अशी भीती बाळगू नका. विदर्भाचे अकरा जिल्हे, २०११च्या जनगणनेत दोन कोटींवर माणसं. ओळखू येतं ते बोलीवरून नाही, दुसऱ्याच गोष्टींवरून. ते पुढे सांगते.

चौथ्या दिवशी आधीचं न पुसता वाचून बघा, पुसलं असेल तर आठवून बघा. पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले, तेव्हा दिसलं की ज्यांना पुढे बरं वाटलं त्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसतं काय झालं, हळूहळू त्याचा अर्थ. तुमच्या लिखाणात आठवडा झाला तरी तीच तीच घटना त्याच शब्दांत फिरत असेल, तर ते घाण्याला जुंपल्यासारखं आहे. थांबा. विषय बदला किंवा लिहिणंच महिनाभर सोडा.

लगेच थांबायच्या खुणाही ओळखून ठेवा. हातपाय बधिर होणं, आपण कुठे आहोत ते न कळणं, घाम फुटणं, ती घटना आत्ताच घडते आहे असं वाटणं. फोन उलटा ठेवा. पाय जमिनीला टेकवा. माठातलं पाणी तोंडावर मारा. डोळ्यांसमोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने म्हणा: मांडव, सायकल, तुळस, बादली, कोंबडी. मग आजची तारीख आणि गावाचं नाव. मला वेड्यासारखं वाटायचं असं बोलताना, पण शरीर त्याने परत येतं.

जीव द्यायचा विचार आला तर लिखाण तिथेच सोडून १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर लिहिणं सुरू करायच्याही आधी ते दुसऱ्याच्या कोठारात, कुलपात ठेवायला सांगा. कारण काहीही द्या, मुलं लहान आहेत म्हणा. तो विचार पुष्कळदा काही वेळाने ओसरतो. त्या वेळात डबा हाताशी नसला तर माणूस वाचतो.

टाकायचं का?

लिहिलेलं निदान महिनाभर ठेवा. मग वाचा आणि स्वतःला विचारा: मला हे कुणी वाचायला हवं आहे? उत्तर 'आईने' किंवा 'त्याने' असं असेल तर टाकू नका. ती पोस्ट आई वाचणार नाही, आणि त्याने वाचली तर तुम्हाला हवं ते त्याच्याकडून मिळणार नाही. उत्तर 'माझ्यासारखी दुसरी कुणी' असं असेल तर पुढे चला.

आता ओळख. गावात नाव बदलून काही होत नाही. 'तीन मुलींची आई, दिराचा ट्रॅक्टर, सासरा आधी पोलीस पाटील' एवढं लिहिलं की पंचक्रोशीतलं कुणीही बोट ठेवील. पीकसुद्धा पत्ता सांगतं. संत्र्याची बाग म्हटली की वरुड-मोर्शी, धानाची बांधी म्हटली की भंडारा-गोंदिया, मोहफुलं वेचणं आलं की गडचिरोलीकडचं किंवा मेळघाटातलं. म्हणून कमीत कमी तीन गोष्टी बदला: मुलांची संख्या, नात्याचं नाव, पीक किंवा तालुका. बदलू नका ते फक्त तुम्हाला काय वाटलं ते. फोटो टाकू नका, मागच्या भिंतीचा रंगही बोलतो. स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग तर अजिबात नको.

नाव लपवलं म्हणजे भित्रेपणा केला, असं कुणी म्हणालं तर जात्यावरच्या ओव्या आठवा. सासरचा जाच, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, सगळं त्यात आहे, आणि ओवी मुळात कुणी रचली ते बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.

कायद्याचं थोडं. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख दुसऱ्या कुणी छापणं हा गुन्हा आहे: आधी भारतीय दंड संहितेचं कलम २२८ अ, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. सज्ञान व्यक्ती स्वतः आपली ओळख सांगू शकते, तो हक्क तिचा. या नियमाची मुळं विदर्भातच आहेत. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ओळख लपवण्याचं कलम त्याच बदलातलं. ते आलं तोवर त्या मुलीचं नाव खटल्याला चिकटून गेलं होतं. पुस्तकांत ते अजून सापडतं, मी इथे लिहीत नाही.

करणाऱ्याचं नाव पोस्टमध्ये घालायचा मोह होतो. मलाही झाला होता. वकिलाला विचारल्याशिवाय घालू नका. तो बदनामीचा दावा लावू शकतो, आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारा किंवा तालुका विधी सेवा समितीत जा. तक्रार करायचा विचार असेल, किंवा केस चालू असेल, तर पोस्ट टाकूच नका. समोरचा वकील ती छापून आणतो आणि जबाबातल्या तारखेशी ताडून बघतो. अशा वेळी तारखेनिशी वहीत लिहा, खाडाखोड नको, आणि धमकीचे मेसेज आले असतील तर तो मूळ फोन जपून ठेवा.

कुठे टाकायचं? गावच्या किंवा नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही, स्टेटसला तर नाहीच. जिथे तुमचा फोन नंबर दिसत नाही आणि आलेलं लिखाण कुणीतरी आधी वाचून मगच सोडतं, अशी जागा बरी. टाकल्यावर पहिले दोन दिवस प्रतिक्रिया बंद ठेवा, किंवा विश्वासातल्या एखादीला आधी वाचायला सांगा. 'तेव्हा काऊन नाही बोलली?' हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही.

इनबॉक्समध्ये 'ताई, अजून सविस्तर सांगा' म्हणणारा, नंबर मागणारा, फोटो मागणारा, अगदी गोड बोलणारा असला तरी ब्लॉक करा. पैसे गेले तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. फोटोवरून धमकी आली तर सायबर पोलिसांकडे जा आणि धमकीचे मेसेज पुसू नका.

दुसऱ्यांचं वाचताना

मी टाकलं तेव्हा मोजून अकरा जणांनी उत्तर दिलं. त्यातला एक पुरुष होता, शेतकरी. लहानपणी वसतिगृहात त्याच्याशी काय झालं ते त्याने चार ओळींत लिहिलं होतं, आणि शेवटी 'बायकोले बी सांगतलं नाही'. मुलग्यांवर असं होत नाही असं मला तोवर वाटायचं. अल्पवयीनांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

असं कुणी लिहिलं तर काय म्हणावं? 'वाचलं. माझा तुमच्यावर विश्वास आहे.' एवढं पुष्कळ होतं. 'सोडून दे त्याला' असं लांबून लिहू नका. मारणाऱ्याचं घर सोडायची वेळ सगळ्यात जास्त धोक्याची असते, आणि ती तयारीनेच करावी लागते: आधार, बँकेचं पासबुक, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे शेजारी ठेवलेले. १८१ या महिला हेल्पलाइनवर किंवा सखी वन स्टॉप सेंटरवर ती तयारी करून देतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो आणि राहत्या घरातून न हटवण्याचा आदेशही कोर्टाकडून मिळू शकतो, हे पुष्कळ जणींना ठाऊकच नसतं. हाणामारी चालू असेल तर थेट ११२.

एक अपवाद आहे. कुणी एखाद्या मुलावर आत्ता अत्याचार होतो आहे असं सांगितलं, तर ते आपल्यापाशी ठेवता येत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा किंवा पोलीस ठाण्यात जा.

वाचायलाही वेळ बांधून घ्या. रात्री अकराला एकामागून एक अशा दहा कहाण्या वाचल्या की झोप जाते आणि वर 'माझं तर त्यापुढे काहीच नाही' असं वाटू लागतं. स्वतः टाकताना वर एक ओळ घाला: पुढे मारहाणीचं वर्णन आहे. वाचणारीला निदान दार लावून घेता येतं.

ती बाई आता बुधवारी गटाची बैठक झाली की थोडा वेळ माझ्याकडे थांबते. माझा जुना फोन आहे, बिनसिमचा, पापडाच्या डब्यात ठेवलेला. ती २० मिनिटं लिहिते, डबा फळीवर ठेवते आणि घरी जाते. काय लिहिते ते मी विचारत नाही. अजून तिने काही टाकलेलं नाही. मागच्या बुधवारी मात्र निघता निघता उंबऱ्यात थांबली.

"ताई, पऱ्हाटी म्हणलं तर पुण्याकडच्यायले समजन का?"

मी म्हटलं, "नाही समजणार. राहू दे तसंच."